पत्रपेटी आणि मान्यता : जॉर्जटाऊन विद्यापीठातील एका विद्यार्थी मंडळाचे प्रकरण

महाविद्यालयातील विद्यार्थी मंडळांच्या नोंदणीचे काम ज्या वर्षी माझ्याकडे आले, त्याच वर्षी आंतरजातीय विवाहांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या काही विद्यार्थ्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. अर्ज नीटनेटका होता. मंडळाची घटना, पदाधिकाऱ्यांची नावे, मार्गदर्शक प्राध्यापकांची संमती, सर्व काही जोडलेले होते. कोल्हापुरातील आमच्या त्या महाविद्यालयाच्या चालकांना विषय अडचणीचा वाटला आणि मी अर्जावर 'या मंडळास संस्थेची मान्यता देता येत नाही' असा शेरा मारून तो परत केला. अर्ज न्यायला आलेल्या विद्यार्थिनीने शेरा उभ्या उभ्याच वाचला आणि ती म्हणाली, "सर, मान्यता कोण मागतंय? आम्हाला बुधवारी दुपारी बारा नंबरची खोली पाहिजे, आणि नोटीस बोर्डावर एक कागद लावायचाय." मी गप्प राहिलो. ज्या नगरीत शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला, तेथेच मी तो कागद परत केला, ही बोच होतीच. पण तिच्या बोलण्यातली खरी गोष्ट वेगळी होती. खोली वेगळी आणि मान्यता वेगळी, आणि आमच्या अर्जाच्या नमुन्यात दोन्हींसाठी रकाना एकच होता.

त्या एका रकान्याचा शोध घेत मी जे वाचत गेलो, त्यात जॉर्जटाऊन विद्यापीठाचे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटले. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील हे विद्यापीठ १७८९ साली स्थापन झाले. ते येशूसंघीय, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या परंपरेचे असून अमेरिकेतील कॅथलिक उच्चशिक्षणात सर्वांत जुने आहे. तेथे समलिंगी विद्यार्थ्यांच्या मंडळाने केलेल्या अर्जावरून सुरू झालेला वाद आठ वर्षे चालला, आणि शेवटी न्यायालयाने जो निकाल दिला त्याचा सारा भर त्या विद्यार्थिनीने माझ्यासमोर सहज उच्चारलेल्या भेदावरच होता.

नोंदणी म्हणजे नेमके काय

प्रकरणाकडे वळण्यापूर्वी शब्दांचा गुंता थोडा सोडवायला हवा, कारण कोल्हापुरात 'नोंदणी' हा शब्द कानावर पडला की पहिल्यांदा धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आठवते. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत एखाद्या तालमीच्या किंवा तरुण मंडळाच्या पाटीवर नावाखाली नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, आणि गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर तोच क्रमांक छापलेला असतो. ती नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली होते. किमान सात सभासद, घटना आणि हिशोब हा तिचा पाया असतो. ती मिळाली म्हणून शासनाला त्या मंडळाचे विचार पटले, असे पेठेतला कोणीही समजत नाही. मंडळ कोणते, जबाबदार कोण आणि पैशाचा हिशोब कोणाला विचारायचा, एवढेच त्या क्रमांकावरून कळते.

महाविद्यालयातील वाङ्मय मंडळ किंवा निसर्ग मंडळ यांची नोंदणी त्या कायद्यांखाली होत नाही; ती संस्थेच्या अंतर्गत नियमांनी होते. कॅथलिक विद्यापीठांतही रीत बहुतांशी अशीच असते. विद्यार्थी मंडळाची घटना लिहितात, पदाधिकारी निवडतात, सल्लागार म्हणून एखाद्या प्राध्यापकाची संमती घेतात आणि विद्यार्थी कार्य विभागाकडे अर्ज करतात. फरक पडतो तो एका अटीने : मंडळाचे उद्दिष्ट विद्यापीठाच्या कॅथलिक ध्येयाशी विसंगत असू नये. बाकी सर्व अटी कारकुनाला तपासता येतात. ही एक अट तपासायला मात्र धर्मशास्त्र, कायदा आणि माणुसकी या तिन्हींची गरज पडते.

ही अट केवळ एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीतून आलेली नाही, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नसते. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ८०८ व्या कलमानुसार कोणत्याही विद्यापीठाला सक्षम धर्माधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय 'कॅथलिक विद्यापीठ' हे नाव धारण करता येत नाही; म्हणजे नावाबरोबर जबाबदारीही येते. पुढे १५ ऑगस्ट १९९० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'एक्स कोर्दे एक्लेसिए' हा दस्तऐवज जारी केला. त्यात विद्यापीठाची प्रत्येक अधिकृत कृती त्याच्या कॅथलिक ओळखीशी सुसंगत असावी, असे म्हटले आहे आणि त्याच कलमात प्रत्येक व्यक्तीच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण आदर राखला जावा, असेही म्हटले आहे. ही दोन्ही विधाने शेजारी शेजारी आहेत. एखाद्या मंडळाला खोली देणे ही विद्यापीठाची 'अधिकृत कृती' मानायची की विद्यार्थ्यांच्या सदसद्विवेकासाठी मोकळी ठेवलेली जागा मानायची, हा प्रश्न त्या दोन विधानांच्या मधोमध उभा आहे. जॉर्जटाऊनचा वाद या दस्तऐवजाच्या दहा वर्षे आधीचा. पण प्रश्न हाच होता.

अर्ज आणि नकार

जॉर्जटाऊनमध्ये त्या काळी विद्यार्थी मंडळांसाठी तीन पायऱ्या होत्या. पहिली पायरी विद्यार्थी परिषदेचा पाठिंबा. तो मिळाला की मंडळाला विद्यापीठाच्या जागा वापरता येत, व्याख्यानांसाठी असलेल्या निधीकडे अर्ज करता येई, हिशोबाबाबत सल्ला मिळे आणि आवारात जाहिरात करता येई. दुसरी पायरी विद्यापीठाची मान्यता. आणि तिसरी, विद्यापीठाकडून प्रत्यक्ष निधी.

'गे पीपल ऑफ जॉर्जटाऊन युनिव्हर्सिटी' या मंडळाने पहिली पायरी ओलांडली. विद्यार्थ्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी त्यांना पाठिंबा दिला. दुसऱ्या पायरीवर, १९७९ साली, प्रशासनाने त्यांना अडवले. कायदा शाखेतील तशाच एका मंडळालाही नकार मिळाला. प्रशासनाची भूमिका थोडक्यात अशी होती : व्यक्ती म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याचा आम्ही आदर करतो, परंतु या मंडळाला मान्यता दिली तर समलिंगी संबंधांविषयीच्या चर्चच्या शिकवणुकीच्या विरोधातील भूमिकेला विद्यापीठाने संमती दिली, असा अर्थ निघेल.

या ठिकाणी क्षणभर थांबून दुसऱ्या पायरीवर हातात नेमके काय पडत होते ते पाहिले पाहिजे, कारण पुढचा सारा निकाल त्यावर फिरला. विद्यापीठाच्या मान्यतेने मंडळाला चार गोष्टी जास्तीच्या मिळत : विद्यार्थी उपक्रम कार्यालयातील एक पत्रपेटी, संगणकावर पत्त्यांची लेबले छापून घेण्याची सोय, टपाल पाठवण्याची सेवा, आणि निधीसाठी अर्ज करण्याचा हक्क. निधी नव्हे, निधीसाठी अर्ज करण्याचा हक्क. कार्यालयाच्या भिंतीवरचा तो पत्रांचा छोटा खण माझ्या डोळ्यांसमोर येतो : हाताची वीत आत जाईल एवढा, खाली मंडळाच्या नावाची चिठ्ठी. आमच्याकडे तशा खणांऐवजी आवक-जावक विभागात मंडळांची पाकिटे ठेवण्याचे एक फळकूट होते, आणि ज्या मंडळाचे नाव त्या फळकुटावर नाही त्याचे टपाल शिपायाच्या टेबलावर पडून राही. बाहेरून पाहणाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. ज्याचे टपाल पडून राहते त्याला ती तशी वाटत नाही.

न्यायालयात

१९८० मध्ये विद्यार्थी न्यायालयात गेले. कोणत्या कायद्याखाली गेले, हे आपल्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली 'हीली विरुद्ध जेम्स' या खटल्यात सरकारी महाविद्यालयांना बजावले होते की, केवळ मते पटत नाहीत म्हणून विद्यार्थी मंडळाची मान्यता नाकारता येणार नाही. मात्र संविधानातील तो हक्क सरकारविरुद्ध चालतो. जॉर्जटाऊन खासगी आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी आधार घेतला तो वॉशिंग्टन शहराच्या १९७७ च्या मानवी हक्क कायद्याचा, ज्यात शिक्षणसंस्थांना लैंगिक कलाच्या कारणावरून सोयी-सुविधा नाकारण्यास मनाई होती. आपल्याकडेही चित्र फार निराळे नाही. संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य अनुच्छेद १९ देतो, पण त्याचा रोख राज्यसंस्थेकडे आहे. आणि अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क अनुच्छेद ३० देतो, जो अमर्याद नाही, हे २००२ च्या टी. एम. ए. पै प्रकरणात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले आहे.

विद्यापीठाने धर्मस्वातंत्र्याचा बचाव मांडला, आणि १९८३ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने तो मान्य करून निकाल विद्यापीठाच्या बाजूने दिला. १९८५ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो फिरवला. मग पूर्ण पीठाने प्रकरण पुन्हा ऐकले आणि २० नोव्हेंबर १९८७ रोजी अंतिम निर्णय दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती ज्युलिया कूपर मॅक यांचे होते. देशातील कोणत्याही सर्वोच्च दर्जाच्या अपील न्यायालयावर नेमणूक झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश. भेदभाव म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते, असे मला निकाल वाचताना वाटत राहिले. तरीही त्यांनी विद्यापीठाच्या श्रद्धेला तुच्छ लेखले नाही, आणि हीच या निकालाची मला वाटणारी थोरवी आहे.

त्यांनी 'मान्यता' या शब्दाचे दोन भाग केले. पहिला भाग संमतीचा : विद्यापीठ या मंडळाच्या पाठीशी उभे आहे, असे जाहीर करण्याचा. कायद्याचा असा अर्थ लावता येणार नाही, की एखाद्या खासगी संस्थेने मनाविरुद्ध दुसऱ्याच्या मताला संमती द्यावी. कायदा माणसाची वागणूक सुधारू शकतो, त्याच्या तोंडी शब्द घालू शकत नाही. त्यामुळे संमती देण्यास विद्यापीठ बांधील नाही. दुसरा भाग हातात पडणाऱ्या सुविधांचा : पत्रपेटी, लेबले, टपाल, निधीसाठी अर्ज. त्या इतर मंडळांना मिळतात तर या मंडळालाही समान मिळाल्याच पाहिजेत, कारण येथे नकाराच्या मुळाशी सदस्यांचा लैंगिक कल होता. सुविधा देण्याने धर्माचरणावर थोडा भार पडेल, हे न्यायालयाने नाकारले नाही. परंतु भेदभाव नष्ट करण्यातील समाजाचे हित त्या भारापेक्षा जड ठरते, असा कौल दिला. न्यायाधीशांत एकमत नव्हते. अनेकांनी आपापली स्वतंत्र मते जोडली, आणि कोणाला हा तोडगा एका बाजूने अपुरा वाटला तर कोणाला दुसऱ्या बाजूने.

१९८८ च्या मार्चमध्ये विद्यापीठाने सर्वोच्च न्यायालयात न जाण्याचे ठरवले आणि विद्यार्थ्यांशी समझोता झाला. त्यानंतर अमेरिकेच्या काँग्रेसने धार्मिक शिक्षणसंस्थांना त्या शहर-कायद्यातून सूट देण्यासाठी प्रयत्न सुरू केले; शहर परिषदेवर कायदा बदलण्याची सक्ती करणारी पहिली तरतूद न्यायालयात टिकली नाही, म्हणून १९८९ मध्ये काँग्रेसने स्वतःच सूट घातली, आणि ती २०१४ मध्ये शहर परिषदेने काढून टाकली. राजकारणाचा हा भाग मी येथे वाढवत नाही.

मला यात काय दिसते

विद्यापीठाची चूक श्रद्धेत होती, असे मी मानत नाही. चूक तीन पायऱ्यांच्या रचनेत होती. संमती आणि पत्रपेटी एकाच दोरीने बांधली, की संमती राखायची तर पत्रपेटीही राखावी लागते, आणि पत्रपेटी मागणाऱ्याला संमतीसाठी भांडावे लागते. दोरी आधीच सोडली असती तर आठ वर्षांपैकी बरीचशी वाचली असती. निकालानंतर जॉर्जटाऊनने हाच धडा आपल्या नियमांत उतरवला. तेथे आता विद्यार्थी मंडळांच्या बाबतीत 'मान्यता' हा शब्द टाळून 'सुविधांची उपलब्धता' अशी भाषा वापरली जाते.

तरीही या तोडग्याने सर्व मिटले, असे म्हणणे विद्यार्थ्यांवर अन्याय करणारे ठरेल. त्या तरुणांना केवळ लेबले छापून हवी नव्हती. 'तुम्ही आमचे आहात' हे शब्द त्यांना आपल्या विद्यापीठाकडून हवे होते, आणि नेमके तेच शब्द न्यायालय मिळवून देऊ शकले नाही. ते कोणतेच न्यायालय मिळवून देऊ शकत नाही. ते शब्द आले ते फार उशिरा आणि वेगळ्या वाटेने. २००८ मध्ये जॉर्जटाऊनने स्वतःच्या खर्चाने समलिंगी व पारलिंगी विद्यार्थ्यांसाठी केंद्र सुरू केले, ते कोणाच्या आदेशाने नव्हे. आवारातील काही अप्रिय घटनांनंतर विद्यार्थ्यांनी रेटा लावला, आणि प्रत्येक विद्यार्थ्याची संपूर्ण माणूस म्हणून काळजी घेण्याची येशूसंघीय परंपरा विद्यापीठाला तेव्हा आपलीच भाषा म्हणून वापरता आली.

सुविधांचे धोरणही सरसकट उदार झाले नाही. गर्भपाताच्या निवडीचा पुरस्कार करणाऱ्या मंडळाला १९९१ मध्ये सुविधा मिळाल्या आणि १९९२ मध्ये काढून घेतल्या गेल्या. येथे विद्यापीठाने रेषा सदस्य कोण आहेत यावर आखली नाही, मंडळ कशाचा पुरस्कार करते यावर आखली. ही रेषा पटो वा न पटो, पहिल्या प्रकरणातील आणि या प्रकरणातील फरक अभ्यासकाने पुसून टाकू नये. माणूस म्हणून कोणाला बाहेर ठेवणे आणि एखाद्या मोहिमेला हातभार न लावणे, या दोन कृतींचे वजन सारखे नाही. मात्र व्यवहारात पहिलीला दुसरीचा पोशाख चढवणे फार सोपे असते, आणि माझ्या शेऱ्यात मी नेमके तेच केले होते.

इंडियाना राज्यातील नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाने आणखी वेगळा मार्ग काढला. तेथे समलिंगी विद्यार्थ्यांच्या मंडळाचे अर्ज वर्षानुवर्षे फेटाळले गेले होते. डिसेंबर २०१२ मध्ये विद्यापीठाने स्वतःची आध्यात्मिक सेवेची एक योजना जाहीर करून तिच्या चौकटीत असे मंडळ स्थापन करण्यास संमती दिली. म्हणजे जॉर्जटाऊनने म्हटले, 'संमती नाही, पण जागा आहे'; नोत्र दामने म्हटले, 'आमच्या शिकवणुकीच्या आत तुमच्यासाठी जागा आहे'. दुसऱ्या मार्गात जवळीक जास्त आहे आणि मोकळीक कमी. विद्यार्थी असतो तर मी कोणता निवडला असता, याचे उत्तर वयाच्या विशीत वेगळे आले असते आणि आज वेगळे येते.

हे प्रकरण मी एकदा सहकारी प्राध्यापकांसमोर मांडले, तेव्हा एकाने दसरा चौकाचे उदाहरण दिले. चौकाभोवती वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगे उभी आहेत. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून शाहू महाराजांनी हे काम सुरू केले, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकामागून एका समाजाच्या मुलांसाठी ते हात देत गेले. महाराजांनी जागा दिली, पैसा दिला, पण त्या त्या समाजाचे धर्ममत स्वीकारले असे कोणी म्हटले नाही. उदाहरण सुंदर आहे आणि जागा देणे म्हणजे संमती नव्हे हे कोल्हापूरकराला त्याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. पण ते पूर्ण लागू पडत नाही, हेही मी त्यांना सांगितले. महाराज राज्यकर्ते होते, आणि सर्व प्रजेला समान हात देणे हा राज्यकर्त्याचा धर्मच. कॅथलिक विद्यापीठ एका विशिष्ट श्रद्धेतून जन्मलेले असते, आणि ती श्रद्धा बाजूला ठेव असे त्याला सांगणे म्हणजे तू स्वतःच राहू नकोस असे सांगणे. म्हणूनच तेथे रकाने दोन लागतात. राज्यसंस्थेला एक पुरतो.

कोल्हापूरची मुले आता शिकायला बेंगळुरूच्या ख्रिस्त विद्यापीठासारख्या कॅथलिक संस्थांत जातात, आणि आपल्या शहरातील अनेक महाविद्यालयेही कोणत्या ना कोणत्या ध्येयातून उभी राहिलेली आहेत. त्यामुळे हा प्रश्न परका नाही. त्या अनुभवानंतर मी आमच्या अर्जाचा नमुना नव्याने लिहायला घेतला. पहिल्या कलमात नोंद : घटना, पदाधिकारी आणि हिशोबाची जबाबदारी दिली, की नोंद झालीच पाहिजे. दुसऱ्यात सुविधा : खोली, नोटीस बोर्ड, टपालाचे फळकूट, आणि त्या नाकारायच्या असतील तर मंडळाच्या सदस्यांकडे न पाहता त्याच्या कृतीकडे बोट दाखवणारे लेखी कारण. तिसऱ्यात संस्थेचे सहकार्य, जे देणे न देणे सर्वस्वी संस्थेच्या हाती. चौथे कलम नावाचे आहे : मंडळाने आपल्या नावात महाविद्यालयाचे नाव केव्हा घालावे.

मसुदा प्राचार्यांकडे दिला. पहिली दोन कलमे त्यांनी जशीच्या तशी मान्य केली, तिसऱ्यात एक शब्द बदलला. चौथे अजून चालक मंडळाकडे आहे. ती विद्यार्थिनी तोवर पदवी घेऊन गेली होती. बारा नंबरची खोली बुधवारी दुपारी रिकामी असते, हे वेळापत्रकात मी पाहिले आहे.